वाहत्या पाण्याचे मासे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गणपतीच्या मांडवात माशांवर बोलायचं, म्हणून मी आधी सेक्रेटरींना विचारून घेतलं की प्रसादाच्या अगोदर बोलू की नंतर. ते म्हणाले, "ताई, मत्स्यावतारापासून सुरुवात करा, म्हणजे कोणी काही म्हणणार नाही." आपल्या इंदुरी मराठी घरांपैकी बऱ्याच घरांत मासा शिजत नाही, आणि ज्यांच्या घरी शिजतो त्यांची चार पिढ्यांची तक्रार अशी की इथे चांगला मासा मिळत नाही. तेव्हा आज खाण्याबद्दल काही नाही, निर्धास्त राहा.

माझं माशांशी पहिलं नातं खाऊ घालण्याचं आहे. लहानपणी आजीबरोबर महेश्वरला जायचो. अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून ती कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकायची आणि खालून सोनेरी-तपकिरी पाठी वर यायच्या. जाड ओठ, रुपयाएवढे खवले, आणि शेपटीचा असा फटका की आमचे परकर भिजायचे. आजी म्हणायची, देवाचे मासे. नावाडी म्हणायचा, बाडस. पुढे होळकर राज्याच्या या नगरीत प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की हा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर टॉर. 2011 साली मध्य प्रदेशानं याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. गेल्या वर्षी नातवाला घेऊन त्याच पायऱ्यांवर बसले. गोळ्या टाकल्या, मासेही आले, पण सगळे बोटा-दोन बोटांएवढे. नातू खूश होता. त्याला काय ठाऊक काय नाही ते.

मला आज दोनच प्रश्न घ्यायचे आहेत. मासा जसा आहे तसा कशामुळे झाला? आणि पाणी बदललं तर मासा का बदलत नाही?

पहिल्या प्रश्नासाठी थोडा वेळ माशाच्या जागी बसून बघा. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. त्यातून पुढे सरकायचं म्हणजे प्रत्येक इंचाला मेहनत. आणि श्वास? एका लिटर हवेत साधारण 280 मिलीग्रॅम ऑक्सिजन असतो. एका लिटर पाण्यात, ते 20 अंशांचं असेल तर, 9 मिलीग्रॅमच्या आसपास. पाणी 30 अंशांचं झालं की साडेसात. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा माशाचं शरीर तापून जास्त ऑक्सिजन मागतं, नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. आपल्याकडच्या महिनाअखेरीसारखंच, फक्त इथे उसनं मागायला शेजार नाही.

नदीच्या धबधब्यात, खडकांवर आपटणाऱ्या पाण्यात हवा मिसळत राहते, तिथे श्वासाची ददात नसते. तिथे संकट वेगळं, वाहून जाण्याचं. उलट डबक्यात, तळ्यात वाहून जायची भीती नाही, पण रात्री शेवाळ आणि कुजणारा पाला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि पहाटे श्वास कोंडतो. या दोन संकटांतून दोन तऱ्हेची शरीरं घडली.

डबक्याची बाजू म्हणजे मरळ. कल्ल्यांच्या वर तिला एक पोकळी असते, तोंड पाण्याबाहेर काढून ती त्या पोकळीत हवा भरून घेते. ही नुसती सोय राहिलेली नाही, गरज झाली आहे. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर मरळ पाण्यातच गुदमरते. मागुराच्या डोक्यात याच कामासाठी झाडासारखे फुटवे फुटलेले असतात. बाजारात पसाभर पाण्यात तासन्‌तास जिवंत दिसतात ते हेच दोघे.

धबधब्याची बाजू म्हणजे मळ्या. सह्याद्रीच्या ओढ्यांत ज्यांनी लहानपणी हात घातला आहे त्यांना तो आठवेल. खालच्या ओठामागे त्याला एक गोल चकती असते, ती तो दगडाला दाबून बसतो आणि वरून पूर गेला तरी जागचा हलत नाही. ग्लिप्टोथोरॅक्स नावाचा एक छोटा मार्जारमीन आहे, त्याला चकती नाही. त्याच्या छातीवर कातडीच्या बारीक घड्या आहेत, त्या खडकाला पकडतात. बालिटोराचं पोट सपाट आणि छातीचे-पोटाचे पर जमिनीला समांतर पसरलेले, जणू पालथा ठेवलेला पंखा. हे तिघे तीन वेगळ्या कुळांतले. एकमेकांचे भाऊबंद म्हणावेत असे नाहीत. पण सासर एकच, खळाळतं पाणी, आणि त्या सासरानं तिघांनाही सारखीच शिस्त लावली.

पाण्याचा वेग शरीर कसं घडवतो हे आपल्या देशात ज्यांनी नीट मांडलं ते डॉ. सुंदरलाल होरा. हे पुढे 1947 ते 1955 झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते. 1930 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी वेगवान प्रवाहातल्या प्राण्यांवर मोठा निबंध लिहिला. त्यात मासे आहेत, बेडकांची पिल्लं आहेत, पाण्यातले किडेही आहेत, आणि प्रत्येकानं चिकटून राहण्याची युक्ती आपापल्या अवयवातून कशी काढली हे दाखवलं आहे.

मळ्याचा विषय निघाला आहे तर एक मराठी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1839 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. नवीन माशाला लॅटिन नाव द्यायची रीत. साहेबानं काय केलं, तर नदीवरच्या कोळ्यांना नाव विचारलं आणि तेच लॅटिनच्या पंगतीत बसवलं. म्हणून मळ्या जगभर 'मुल्या' आहे, मुरी 'मूरेह' आहे, आणि पुण्याच्या मुळा-मुठेतला निळसर पराचा महाशीर 'खुद्री' आहे. आज जपानमधल्या संशोधकालाही तो मासा त्याच नावानं ओळखावा लागतो. कोळ्यांची नावं टिकली, मुळा-मुठेचं काय झालं ते पुण्याला माहेर असलेल्यांना सांगायला नको.

होरांकडे परत येते, कारण त्यांचा दुसरा विचार थेट आपल्या दारातून जातो. त्यांना एक कोडं पडलं. हे चिकटून राहणारे, थंड ओढ्यांचे मासे आसामच्या आणि पूर्व हिमालयाच्या डोंगरांत सापडतात, आणि मग एकदम सह्याद्रीत. मधल्या सपाट, संथ नद्यांत नाहीत. मग गेले कसे? उडून? 1940च्या दशकात त्यांनी मांडलं की पूर्वी हवामान अधिक ओलं आणि थंड असताना छोटा नागपूर आणि सातपुड्याच्या रांगा पुलासारख्या कामाला आल्या. एका ओढ्याचं उगमाकडचं पाणी झिजत-झिजत दुसऱ्या खोऱ्यात शिरलं की मासेही नकळत खोरं ओलांडतात. अशा हजारो ओलांडण्यांतून ते पश्चिमेला पोचले. याला सातपुडा सिद्धांत म्हणतात.

माझे विद्यार्थी हे ऐकून फार खूश व्हायचे, कारण नर्मदा ओलांडली की समोर तोच सातपुडा. पण प्रामाणिकपणे सांगायला हवं की नंतरच्या अभ्यासकांनी यावर बऱ्याच शंका घेतल्या. डीएनएवरून वय काढता येऊ लागल्यावर दिसलं की काही जोडीदार जाती होरांनी धरलेल्या काळाच्या कितीतरी आधीच वेगळ्या झाल्या होत्या. तेव्हा तो पूल सगळ्यांनी वापरला असेल असं नाही. मला स्वतःला तरी होरांचा प्रश्न त्यांच्या उत्तरापेक्षा मोठा वाटतो. नकाशावर माशाचा पत्ता वाचून जुन्या हवामानाचा अंदाज करायचा, ही नजर त्यांनी आपल्याला दिली.

आता दुसरा प्रश्न. शरीर पाण्यानं घडतं तर आजही घडत असलं पाहिजे. घडतं का? हो. आणि याचा सर्वांत चांगला पुरावा ज्या माशानं दिला तो तुमच्या कॉलनीच्या हौदात आहे. गप्पी.

डास वाढले की पालिकेचा माणूस पिशवीतून आणून सोडतो तोच गप्पी. त्याचं मूळ घर वेस्ट इंडिजमधलं त्रिनिदाद बेट आणि त्याच्या आसपासचा दक्षिण अमेरिकेचा किनारा. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधबे आहेत. धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर ते चढू शकत नाहीत. वर असतो एक छोटा मासा, तो फार तर गप्पीची पिल्लं खातो. खालचे गप्पी लवकर वयात येतात, अंगानं लहान राहतात, पुष्कळ आणि बारीक पिल्लं देतात. उद्याचा भरवसा नाही, तर आजच उरकून घ्या. वरचे गप्पी सावकाश वाढतात, थोडी पण धष्टपुष्ट पिल्लं देतात, आणि त्यांचे नर भडक रंगांचे असतात. खाली भडक राहणं म्हणजे शिकाऱ्याला बोलावणं.

1976 साली जॉन एन्डलर यांनी धबधब्याखालचे गप्पी उचलून वरच्या अशा भागात सोडले जिथे आधी गप्पी नव्हतेच. मग डेव्हिड रेझनिक आणि त्यांचे सहकारी वाट बघत राहिले. 11 वर्षांनी, म्हणजे गप्पीच्या 30 ते 60 पिढ्यांनंतर तपासलं, तर स्थलांतरित माशांचे वंशज उशिरा वयात येऊ लागले होते आणि थोडी, मोठी पिल्लं देऊ लागले होते. हा फरक नुसत्या खाण्यापिण्याचा नाही ना, हे बघायला त्यांना प्रयोगशाळेत एकसारख्या स्थितीत वाढवलं. फरक टिकला. तो रक्तात उतरला होता. डार्विनला वाटलं होतं की उत्क्रांती आपल्या आयुष्यात दिसण्याइतकी वेगवान नसते. गप्पीनं ती एका पीएचडीच्या मुदतीत नाही तरी एका प्राध्यापकाच्या नोकरीत दाखवून दिली.

यावर एक हुशार विद्यार्थी दरवर्षी विचारायचा, "मॅडम, मग महाशीरही बदलेल की धरणाच्या पाण्याप्रमाणे. काळजी कशाला?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. गप्पीची मादी तीन-चार महिन्यांत आई होते. महाशीरला त्यासाठी काही वर्षं लागतात. गप्पीच्या 30 पिढ्या 11 वर्षांत होतात, महाशीरच्या तेवढ्या पिढ्यांना शंभराच्या आसपास वर्षं हवीत. धरणाचे दरवाजे एका पावसाळ्यात बंद होतात. शिवाय निवडीला निवडायला माल लागतो. हजारो माशांत थोडे वेगळे, संथ पाण्यात निभावणारे काही असतील, पण मासेच शेकड्यांवर आले तर त्यातले वेगळे कुठून आणणार? आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. गप्पीला आहे त्याच कामाचं वेळापत्रक बदलायचं होतं. महाशीरला त्याच्या अंड्याचा स्वभाव बदलावा लागेल.

ते अंडं मी पाहिलं आहे. एमएस्सीला असताना आमच्या सरांनी आम्हाला चोरल नदीवर नेलं होतं. महूहून खांडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातून ज्या नदीशी लपंडाव खेळत उतरायची, तीच चोरल. बडवाहपाशी ती नर्मदेला मिळते. पूर ओसरत आलेला, पाणी नितळ. सरांनी गोटे अलगद बाजूला केले आणि खालच्या वाळूत पिवळसर, मोहरीपेक्षा मोठे दाणे दिसले. महाशीरचं अंडं पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी जातं, गोट्यांच्या फटीत बसतं, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत त्याच्यावरून ताजं, ऑक्सिजनचं पाणी वाहत राहावं लागतं. म्हणूनच पावसाळ्यात महाशीर मुख्य नदी सोडून उपनद्यांत वर चढतो. त्याची जाड शेपटी, ताणलेलं अंग, खडकावरून शेवाळ आणि शंख-शिंपले काढणारे ते मांसल ओठ, सगळं या एका घरासाठी बनलेलं आहे. सरांनी गोटे होते तसे परत ठेवले आणि आम्हाला मागे पाऊल कुठे टाकायचं तेही दाखवलं.

आता नर्मदेकडे बघा. बर्गी धरण 1990, इंदिरासागर 2005, ओंकारेश्वर 2007. खाली गुजरातेत सरदार सरोवर, त्याचं पाणी मागे बडवानीपर्यंत येतं. एकट्या इंदिरासागरचा जलाशय 900 चौरस किलोमीटरांहून मोठा. जिथे प्रवाह होता तिथे तळं झालं. तळ्यात गाळ खाली बसतो, गोट्यांच्या फटी बुजतात. अशा जागी पडलेलं अंडं गाळाखाली गुदमरतं. धरणाच्या खालच्या बाजूला वीज लागेल तेव्हा पाणी सुटतं आणि नको तेव्हा थांबतं, त्यामुळे सकाळी बुडालेला गोट्यांचा काठ संध्याकाळी उघडा. त्यात आपल्या घरांसाठी उपसलेली वाळू धरा. 1960च्या सुमारास होशंगाबादच्या बाजूला पकडल्या जाणाऱ्या माशांत पाव हिश्श्याच्या आसपास महाशीर असायचा. आता तो जाळ्यात आला तर बातमी होते. त्याच्या जागी जलाशयांत कटला-रोहूची बोटुकली सोडतात. कटला-रोहू चांगले मासे आहेत, कोळ्यांचं पोट त्यांच्यावर चालतं, मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण ते दुसऱ्या पाण्याचे आहेत.

मी धरणांच्या नावानं बोटं मोडायला उभी नाही. 1978 पासून जलूदहून चढवलेलं नर्मदेचं पाणी या शहराच्या नळांना येतं. त्याआधीचे उन्हाळे इथल्या आजी-आजोबांना आठवत असतील, बादल्यांच्या रांगा आठवत असतील. मीही तेच पाणी पिते. तेव्हा नर्मदेचं जे काही होतं त्यात आपला पेला आहे, एवढं म्हणून पुढे जाते.

लोक म्हणतात, मग हॅचरीत मासे वाढवून सोडा. करून पाहिलेलं आहे, आणि ते आपल्याच मुलखात. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर 1970च्या दशकात महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम मोठं होतं, महाशीर माणसाच्या हाताखाली वाढू शकतो हे तिथे सिद्ध झालं. तो मासा म्हणजे साइक्स साहेबाचा 'खुद्री', कृष्णा-भीमेच्या खोऱ्याचा. त्याची बोटुकली देशभर वाटली गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, महाशीरांतला सर्वांत मोठा म्हणून नावाजलेला. गळ टाकून मासे पकडणाऱ्या आणि परत सोडून देणाऱ्या शौकिनांनी तिथे वर्षानुवर्षं वह्या ठेवल्या होत्या. त्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की पाहुणा वाढत गेला आणि घरचा घटत गेला. घरच्याला नीट शास्त्रीय ओळख मिळाली 2018 साली, टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. बारसं आणि निरवानिरव एकदमच म्हणायची. मासे सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी महाशीर म्हणजे महाशीर असं धरलं. पण कावेरीनं तिचा महाशीर स्वतः घडवला होता, भीमेनं तिचा.

म्हणून मला मासे सोडण्याच्या कार्यक्रमांचे फोटो पाहून फारसा आनंद होत नाही. त्याऐवजी मी एका अगदी कोरड्या, सरकारी गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधते. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, माशांनी अंडी घालावीत म्हणून. नियम चांगला आहे. पण तो कटला-रोहूंच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे, जे पावसाच्या पहिल्या पुरात एकदम अंडी घालतात. नर्मदेचा महाशीर तसा नाही. तो हप्त्याहप्त्यानं, पावसाळ्यापासून थेट हिवाळ्यापर्यंत अंडी घालत राहतो. म्हणजे 16 ऑगस्टला जाळी पुन्हा पाण्यात उतरतात तेव्हा त्याचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं. चोरलसारख्या ज्या थोड्या उपनद्या अजून वाहतात, निदान त्यांच्या मुखापाशी ही बंदी लांबवता येईल, आणि तिथली वाळू-गोटे तरी सोडून देता येतील. याला अवाढव्य खर्च नाही. आपल्या मंडळात वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, एक निवेदन लिहायला किती वेळ लागतो? मी मसुदा करून आणला आहे, कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवते. वाचून मगच सही करा.

कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. घाटावर कणकेच्या गोळ्या टाकाव्यात का? थोड्या टाका, आजीच्या आठवणीसाठी मीही टाकते. बाडस त्यानं परत येणार नाही. गेल्या वर्षी मी नावाड्याला विचारलं की आता बाडस दिसतो का. त्यानं वल्हं थांबवलं आणि वरच्या अंगाला हात केला. म्हणाला, "जहाँ पानी बोलता है ना बाई, वहाँ कभी-कभी." आणि आम्ही जिथे होतो तिथलं पाणी अगदी गप्प होतं.